मुलाम्याची पोत

इतवारीत सराफा ओळीच्या मागं, जिथं गल्ली
दोन स्कूटरींना एका वेळी जाऊ देत नाही,
तिथं ढोमणेकाकांचं दुकान. दुकान म्हणजे
एक आरसा, एक पंखा,
आणि भिंतभर पुठ्ठ्यांवर टोचलेले कानातले.

त्यांचे वडील खऱ्या सोन्याचे कारागीर.
चौदा कॅरेटचं फर्मान आलं त्या साली
भट्टी विझली, फुंकणी खुंटीला लागली.
सहा महिने त्यांनी सायकलींचे पंक्चर काढले.
मग राजकोटच्या कुणी एकानं शिकवलं
तांब्याला सोन्याचं पाणी कसं पाजायचं.
"पण घडणावळीत बाबांनी खोटं केलं नाही,"
काका अजून सांगतात, न विचारता.
"ठुशीचा मणी तसाच, डोरल्याची वाटी तशीच.
आत काय आहे ते घेणारीले माहीत असते."

आईला माहीत होतं.
खरी पोत माझ्या नर्सिंगच्या फीपायी गेली,
इथून चार दुकानं पुढं, पेढीवर.
त्याच दुपारी, त्याच गळ्यात, ही.
एकशे वीसची.
मेडिकलात आया होती ती. रात्रपाळीला जाताना
गळा ओका नको, एवढंच म्हणाली.
आत्याला कळलं नाही,
शेजारच्या नंदनवारबाईंना नाही,
आणि त्यांना तर सगळंच कळायचं.

कळलं फक्त मे महिन्याला.
आमच्याकडचा मे म्हणजे सराफच,
कसोटीचा दगड घेऊन उंबऱ्यात बसलेला.
सेहेचाळीस डिग्रीत घाम फुटला की
गळ्याभोवती हिरवी रेघ उमटायची.
आई ती लिंबाच्या सालीनं घासायची,
आणि दर रविवारी, न्हाणं झाल्यावर,
पोत पेपरावर पसरून
बिनरंगाचं नेलपॉलिश लावायची
एकेका सोनेरी मण्याला, जीभ दातांत धरून.
कूलरसमोर वाळवायची. खोलीभर तो वास.
आम्ही बहिणी हसायचो.
तिची नखं मात्र कधी रंगली नाहीत.

पुढं मी खरी सोडवून आणली, पगारातून.
तिनं हातावर तोलली,
"जड आहे गं," म्हणाली,
आणि शेवयांच्या डब्यात, शेवयांखाली ठेवली.

अकराव्या वर्षी मेडिकल चौकात
मोटरसायकलवरच्या एका पोट्ट्यानं ही ओढली.
आई पडली, गुडघा फुटला,
आणि रस्त्यात बसून ती हसायला लागली.
लोकांना वाटलं, डोक्याला मार लागला.
"अजनीच्या पुलावरी थांबन बाप्पा तो.
दातानं चावून पाहीन."

घरी येईस्तोवर हसू संपलं.
दुसऱ्या दिवशी चौकीत. मी सोबत.
हवालदारानं विचारलं, किती तोळे?
"तोळे नाही. खोटी होती."
त्यानं पेनाला टोपण लावलं.
"मंग कायची तक्रार, बाई?"
आई हलली नाही. पदर गळ्याशी धरून उभी.
"लिवा. एकशे वीस रुपये.
सोनेरी मणी बावन्न.
त्यातला एक मी मागून ओवला,
रंगानं जरासा फिका आहे.
लिवा ना."

त्यानं लिहिलं. का, कोण जाणे.

गुरुवारी आम्ही इतवारीत.
"तशीच द्या," आई म्हणाली.
"तशी आता येत नाही, बाई.
ही घ्या, मशीनची. वर्षाची गॅरंटी."
तिनं गॅरंटीचं कार्ड उलटसुलट पाहिलं,
काकांना परत केलं. दहा रुपयांसाठी घासाघीस केली,
पाच सुटले.

येताना गांधीबागेत रिक्षा थांबवली.
जनरल स्टोअर्सच्या पायरीवर, दुखऱ्या गुडघ्यानं,
एक बाटली मागितली.
पोरीनं लाल पुढं केली, मग गुलाबी.
"रंगाची नको," आई म्हणाली.