काळी दोन

हिवराळे गुरुजींची पेटी आता माझ्याकडे आहे,
सायकलच्या दुकानात, पंक्चरच्या टबाशेजारी.
भाता फुटला की ते इथंच यायचे.
"पाह्य रे पोट्ट्या, हवा कुठून जाते थे.
तुही ट्यूब आन माही पेटी, एकाच मायच्या लेकी."

चौदा ठिगळं आहेत भात्याला, सगळी माझ्या हातची.
एक लाल आहे,
ते बंद पडलेल्या मिशन दवाखान्यातल्या
गरम पाण्याच्या पिशवीचं.

एकोणतीसचा पाढा त्यांनी आम्हाला भूपात शिकवला.
अजून बिल करताना
एकोणतीस साती दोनशे तीन
गळ्यातून चढत जातं,
आणि गिऱ्हाईक बघत राहतं
याला काय झालं म्हणून.

शनिवारपर्यंत शाळा.
रविवारी तेच गुरुजी, तोच कोट,
शेवटच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन,
अडाणच्या काठी नऊ घरांच्या मंडळीपुढे
पाळकसाहेब होऊन उभे राहायचे.
घंटा म्हणजे नॅरोगेजच्या रुळाचा तुकडा,
कडुनिंबाला टांगलेला.
मी मंडळीतला नव्हतो, खिडकीतला होतो.
आई म्हणायची, जाय, गानं आयक,
पन त्याहीचा परसाद नोको खाऊ.
नाही खाल्ला.
गाणं गेलं पोटात, त्याला कोण काय करणार?

प्रवचन मात्र त्यांना जमायचं नाही, खरं सांगतो.
वाक्य हरवलं की बोट पेटीवर जायचं,
काळी दोन,
आणि ते सापडेपर्यंत सूर धरून ठेवायचे.
कधी सापडायचंच नाही.
मग मार्थाबाई पहिल्या रांगेतून खाकरायच्या,
म्हणजे आता आमेन म्हणा.

राग वाईट होता.
कोलामाच्या पोराच्या बोलण्याला हसला
म्हणून देविदासच्या पाठीवर पट्टी मोडली त्यांनी.
दिवेलागणीला हळद-तेलाची वाटी घेऊन
त्याच्याच ओट्यावर जाऊन बसले,
म्हणाले, चुकलो.
देविदासच्या बापाला कुठं पाहावं कळेना.
तो बैलाकडे पाहत राहिला.

मग घशात गाठ निघाली.
वर्ध्याच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडलं.
महिन्याभरानं दुकानात आले,
शबनममधून पाटी काढली, लिहिलं:
हवा येथून जाते. ठिगळ आहे?
आणि हसले.
आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.
मी पान्हा शोधत टेबलाखाली वाकलो
आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

त्यानंतरही तीन वर्षं पोरं शिकली त्यांच्याकडे.
चुकलं की भाता थांबायचा,
तेवढंच रागावणं उरलं होतं.

मातीच्या दिवशी तुरी सोंगायला आल्या होत्या,
तरी सगळं गाव आलं.
यवतमाळहून आलेले नवे पाळक म्हणाले, गीत म्हणू या.
कोणी म्हणेना.
चाळीस वर्षं पहिला सूर त्यांचा होता,
दुसऱ्यानं तो कसा घ्यायचा
हे कोणालाच माहीत नव्हतं.
शेवटी देविदासनं तोंड उघडलं,
आता कापसाचा दलाल, टक्कल पडलेला,
आणि इतक्या उंच पट्टीत धरलं
की पहिल्याच ओळीत बायांचेही गळे फाटले.

पेटी उघडीच होती.
मला वाजवता येत नाही.
पण भात्याची मला ओळख आहे,
आणि ते बोट मी खिडकीतून इतकी वर्षं पाहिलं होतं.
काळी दोन दाबली
आणि दाबूनच ठेवली.
लोक एकेक करून खाली उतरले,
देविदास सगळ्यात शेवटी,
रडत.

आता नवीन चीर पडली आहे, लाल ठिगळाच्या वर.
रबर कापून ठेवलंय, सोल्युशनही आहे.
पण रात्री शटर ओढल्यावर
भाता दाबून पाहतो
तर तिथून नुसती हवा येते, आवाज नाही,
आणि पेटी जरा हलते,
खांदे हलावेत तशी.
लावीन उद्या-परवा.