तीन पहारी

पिको बेटाचे मी बारा हजार चौकोन केले.
प्रत्येकाला दिला पाझर, उतार, पावसाचा वाटा,
आणि तळाशी समुद्र, जड, टपून बसलेला.
त्याच्यावर तरंगतं गोडं पाणी,
सायीइतकंच.

सगळं जुळलं. देओलिंदाची विहीर तेवढी नाही.
मॉडेल म्हणतं, ती कधीच खारट झाली.
देओलिंदा ओहोटीला बादली सोडते,
जिभेवर थेंब ठेवते,
म्हणते, "कॉफीला चालेल."

तीन आठवडे आकडे पिळले.
पाझर वाढवला, घटवला, पाऊससुद्धा ओरबाडला.
विहीर हटेना.

मग द्राक्षवेल छाटता छाटता ती सहज बोलली:
बापानं विहीर खणली तेव्हा
समुद्राच्या अंगाला तीन पहारी मोडल्या.
"शेवटी शिव्या घालत वळला डोंगराकडे."

पहारी मोडल्या!
म्हणजे उभी भिंत,
भेगेतच थिजलेला लाव्हा,
कुठल्याच नकाशात नसलेला.
एक काळी रेघ ओढली. पुन्हा चालवलं.
पहाटे विहीर गोडी झाली,
पडद्यावर.

धावत सांगायला गेले.
"बरं झालं, तुलाही कळलं," म्हणाली,
आणि दोर माझ्या हातात दिला.
"ओढ आता. भरती लागेल."