दोन हाफ, गगनबावडा

रविवारी सकाळी साडेसातला फोन येतो
तेव्हा हर्षदाकडं दुपार झालेली असते.
जेवलीस का, हे विचारायच्या आधी मी विचारतो,
आज पण घरातच?
'नवीन आहोत बाबा, काही कळत नाही,
इथं सगळं लांब लांब.'

लांब म्हणजे किती, ते मला सांगू नको.
एकोणतीस वर्षं रंकाळा स्टँडवरनं
लांब या शब्दाची तिकिटं फाडलीत मी.

व्हिक्टोरियाचा नकाशा, जावयानं पाठवलेला,
राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडनं मोठा करून
फ्रिजला चिकटवलाय.
शालन म्हणते, दूधवाल्याचं कार्ड तरी दिसू दे.

हे बघ, जिलाँग.
तुमच्या टार्नीटपासनं पंचावन्न किलोमीटर,
म्हणजे आपला गगनबावडा.
सकाळी डबा घेऊन निघालात तर दिवेलागणीला घरात.
समुद्र आहे, बसायला बाकडी असणारच.
भडंग न्या. कांदा तिथं गेल्यावर चिरा,
आधी चिरलात तर मऊ पडतंय.

बॅलरॅटला सोन्याच्या जुन्या खाणी आहेत म्हणे,
घमेलं घेऊन ओढ्यात बसायचं, वाळू चाळायची.
नाही सापडलं तरी
गुजरीत जाऊन येण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि ते पेंग्विनचं बेट.
अंधार पडला की पाण्यातनं वर येतात,
ओळीनं, आपापल्या बिळाकडं.
ढकलाढकली नाही, सुट्ट्या पैशावरनं भांडण नाही.
असले पॅसेंजर एक दिवस मिळाले असते
तर मी रिटायरच झालो नसतो.
थंडी असते तिथं. जावयाला म्हणावं
कानटोपी घाल, लाजतोस काय.

फक्त सगळं एका रविवारात कोंबू नका.
गाडीलासुद्धा कळ्याला पाच मिनिटं देतो आपण.

हर्षदा हसली. मग जरा थांबून म्हणाली,
'बाबा, सुट्टीत तुम्ही आम्हाला कुठं नेलं होतं हो?'

माझं बोट तेव्हा
समुद्राच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर होतं,
लॉर्नच्या वळणाजवळ.
तिथंच राहिलं.

रोजच्या दोन फेऱ्या धरल्या तरी
हिशेब सोळा-सतरा हजारांवर जातो.
गगनबावड्याला पोचलं की वेबिल, एक चहा,
बोर्ड फिरवायचा: कोल्हापूर.
लोक गडाकडं चालू लागायचे,
मी त्यांच्या पाठी बघितल्या.
घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की
खाली कोकण कसं दिसतं,
हे मला पॅसेंजरांनी सांगितलंय.

शालन मेथी निवडत होती.
वर बघितलं नाही तिनं.
एक काडी मात्र बराच वेळ हातात राहिली.

पुढच्या रविवारी फोन वाजला
तेव्हा आम्ही साळवणच्या पुढं होतो.
कंडक्टर कोवळं पोरगं, गळ्यात मशीन.
'कुठं काका?'
दोन हाफ, गगनबावडा.
त्यानं मला ओळखलं नाही.
बरं वाटलं.

खिडकी शालनला दिली होती.
असळज आलं तशी म्हणाली,
'हे असलं रोज बघत होता होय?
आणि घरी येऊन नुसतं डोकं दुखतंय म्हणायचा!'

काय बोलणार.
स्टॉप आला की माझा हात
आपोआप दोरीकडं जात होता, घंटी द्यायला.
तिसऱ्या वेळी तिनं तो धरला
आणि पिशवीवर ठेवून दिला, गप.

फोनमध्ये नुसता वारा.
'बाबा, ऐकू येत नाही, इथं लाटांचा आवाज...'
मग रेंज गेली.

पिशवीत भडंग आहे. कांदे आहेत.
सुरी विसरली.
असू दे, शालन म्हणते,
बुक्कीनं फोडू.