पाठकोरे

मकरपुऱ्यात आमच्या शेडमध्ये
हल्ली दुपारी कबुतरं लेथवर येऊन बसतात.
पूर्वी बसत नसत. लेथ तापलेलं असायचं.

दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या.
आधी ओव्हरटाइम गेला, मग शनिवार,
होळीच्या आत शुक्रवारही गेला.
पगारपत्रक मीच करते,
त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजत नाही
हे मला दोन दशांशांपर्यंत ठाऊक असतं.

शेठनी अलकापुरीहून एक बाई बोलावल्या, ताणतणावाच्या.
त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.
श्वास आत. श्वास बाहेर.
आता समोर समुद्र आहे असं समजा.
राठवा फिटरनं समुद्र कधी पाहिलेला नाही.
त्यानं डोळे मिटून (हे त्यानंच मला नंतर सांगितलं)
बावीस तारीख पाहिली. मोटारसायकलचा हप्ता.

बाई वाईट नव्हत्या.
जाताना चहाचे पैसे देऊ लागल्या,
तेव्हा कँटीनवाल्याला पहिल्यांदा रडू आलं.

सोमवारी मी रद्द झालेल्या चलनांचा गठ्ठा
कँटीनच्या टेबलावर आणून टाकला. पाठकोरे कागद, फुकटचे.
म्हटलं, तीन रकाने आखा.
येतात किती. जातात किती.
आणि घरी सांगितलेलं नाही ते किती.

दोन रकाने भराभर भरले.
तिसऱ्यापाशी सगळी पेनं एकदम नादुरुस्त झाली.
कोणी झटकून पाहिलं, कोणी तळहातावर गिरवलं.
मग पॅकिंगचे जशुभाई परमार म्हणाले,
बायकोला सांगितलंय पाटल्या पॉलिशला दिल्यात.
चार महिने झाले.
इतकं कसलं पॉलिश, असं तिनं अजून विचारलेलं नाही.
म्हणजे तिला माहीत आहे.

त्यानंतर पेनं चालली.

बँकेला फोन लावला, सात जणांत एक फोन, स्पीकरवर.
त्यांनी आम्हाला थांबवून गाणं लावलं.
बावीस मिनिटं आम्ही टेबलाभोवती माना खाली घालून
ती धून ऐकली, प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी.
शेवटी एक पोरगा म्हणाला, तीन महिने नुसतं व्याज भरा.
राठवानं फोनला नमस्कार केला.

शाळांना पत्रं मी टाइप केली, कंपनीच्या कागदावर.
‘पगारकपात तात्पुरती आहे’ असं लिहिलं,
मग ‘तात्पुरती’वर बराच वेळ बोट ठेवून बसले
आणि तो शब्द काढला.
पगारकपात आहे. फी हप्त्यांनी घ्यावी.
शेठनी न वाचता सही केली, मग वाचलं,
मग एक पाठकोरा उचलून, घडी घालून, केबिनमध्ये नेला.
त्यावर त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलेलं नाही.

सगळं आटोपत आलं तेव्हा
झाडू मारणारा कांतीलाल म्हणाला,
‘ने तमारो कागळ, बेन?’

मी हसले. म्हटलं, माझं काय, मी हिशेब करणारी.

रात्री दांडिया बाजारच्या आमच्या दोन खोल्यांत
सगळे झोपल्यावर पर्समधून एक चलन काढलं.
छापील बाजूला: बारा गेट व्हॉल्व्ह, भरूच, रद्द.
उलटवलं.
अकरा वर्षं दुसऱ्यांचे आकडे लिहिलेला हात
स्वतःच्या पहिल्याच शून्यापाशी अडला.
यांचा क्लास बंद पडलाय, हे आईला सांगितलेलं नाही.
सोसायटीचं कर्ज, हे यांना सांगितलेलं नाही.
भिशी उचलली ती कशासाठी,
हे मी मलासुद्धा धड सांगितलेलं नव्हतं.

सकाळी कागद कँटीनच्या टेबलावर ठेवला,
पंख्यानं उडू नये म्हणून वर लोणच्याची बरणी.
येणारा जाणारा वाचून गेला. कोणी काही बोललं नाही.
जशुभाईंनी अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला.

कांतीलालनं मात्र चष्मा काढला, पुसला, लावला,
ओठ हलवत वरून खाली आला,
आणि शेवटच्या ओळीवर नख टेकवून म्हणाला,
‘सरवाळो खोटो छे, बेन. चारसो वधारे लख्या.’

मी पुन्हा बेरीज केली. त्याचं बरोबर होतं.
देणं चारशे रुपयांनी कमी होतं.