गळांदे

सत्तावीस वर्षं मी जहाजांच्या पोटात काढली.
समुद्र मला ठाऊक तो गेजच्या काट्यातून
आणि बुटाखाली तापलेल्या पत्र्यातून.
सरजेकोटला कायमचा आलो तेव्हा
इंजिन नसलेलं काहीतरी हाताशी हवं होतं.
म्हणून गुराब.

नकाशा कुरिअरने आला, परदेशी संग्रहालयातून,
कुणा गोऱ्या मापाड्याने दोनशे वर्षांमागे काढलेला.
आधी पठाण. त्यावर उभे बेचाळीस वांक,
प्रत्येकाचा साचा जुन्या पोस्टकार्डातून कापलेला,
पाठीवर नंबर.
लाकूड परड्यातल्या फणसाचं, वादळात पडला तो.
दोन महिने ओटीवर नुसता सांगाडा होता.
शालन केर काढताना थांबून म्हणाली,
‘कोणी खाऊन टाकल्यान ह्यो बांगडो?’

मग फळ्या. चार मिलिमीटर रुंद, एक जाड.
मोदकपात्राच्या वाफेत पाच मिनिटं धरली
की फळी नाळेकडे वळायला राजी होते.
सहाव्या मिनिटाला मोडते.
खुंट्या अगरबत्तीच्या काड्यांच्या, तासून तासून केसाएवढ्या.
घरातले सगळे चिमटे गुराबीला चावून बसले
आणि साड्या गडग्यावर, दगडाखाली वाळू लागल्या.

तातू मेस्त आला तेव्हा एक कूस मिटली होती.
चौऱ्याऐंशी वर्षांचा. एका डोळ्यात मोतीबिंदू.
त्याने पाहिलं नाहीच. अंगठा फिरवला
मागून पुढे, उलटा,
आणि नवव्या फळीवर थांबला.
तिथे उंचवटा आहे हे फक्त मला माहीत होतं.

‘आदी वांक घातलंस?’
नकाशात तसंच आहे, म्हटलं.
‘आमच्यात आदी फळी. फळीच सांगता
पोट खय येवचा ता.
मगे वांक, फळयेच्या मापान.’

मी बेचाळीस नंबरांकडे बघत राहिलो.
पाण्यावर उभी गुराब बाहेरून मोजणाऱ्याला
कसं कळावं, आत आधी काय होतं?
त्याने आपल्या गावची हाडं तिच्यात काढली असतील.
मीही काही वेगळं केलं नाही.
करारांचे वांक आधी उभे केले, नऊ-नऊ महिन्यांचे,
आणि घर, लग्न, शालनचं बाळंतपणसुद्धा
त्यांच्यावर वाफवून वाफवून ठोकलं.

जाताना तातूने विचारलं, ‘पाण्यात कधी घालतलंस?’
ही पाण्यात घालायची नाही, म्हटलं,
काचेची पेटी सांगितलीय कणकवलीला.
तो असा बघत राहिला,
की मूल झालंय पण त्याला भरवायचं नाहीये
असं काहीतरी मी बोललो असावं.

दुसरी कूस मिटायला अठरा दिवस लागले.
शिवणींत सुती दोरा, वर चंद्रूस आणि तेल.
शालनने गोधड्या धुवायचं घमेलं दिलं.
मी रहाट ओढणार तोच तातू कॅन घेऊन हजर,
खाडीचं पाणी.
‘बावडेचा ह्येका मानवाचा नाय.’

तरंगली.
जराशी डावीकडे कलून, पण तरंगली.
मग नवव्या आणि दहाव्या फळीमध्ये
एक थेंब आतून उजळला,
त्याच्यामागे दुसरा,
आणि माझा हात आपोआप गेला,
सत्तावीस वर्षांचा हात,
गळती म्हणजे घंटा, पंप, धावपळ.
तातूने मनगट धरलं.
‘गळांदे. तीन दिस पिऊंदे तेका.
लाकूड पियाला काय शिवण आपसूक मिटता.’

चहा झाला. तो गेला.
शालनने चिमटे मोजून दोरीवर परत लावले,
तीन कमी भरले.

रात्री दोनदा उठलो, टॉर्च मारला.
आत पाणी सतराव्या वांकाच्या नंबरापर्यंत.
पोस्टकार्डाची शाई नव्हे, पेन्सिल आहे, टिकेल.
पहाटे कोंबड्याच्या आधी पुन्हा पाहिलं:
तिथेच असावं. किंवा थोडं वर.

काचेची पेटी शुक्रवारी आली.
खोक्यातच आहे.