ताणकाटा

दाभोळच्या जेटीवर, भरतीला अर्धा तास असताना,
मी वजनकाटे तपासायला उतरलो.
पिशवीत पितळी प्रमाणवजनं,
खिशात शिसं आणि शिक्क्याची पकड.
अकरा काटे झाले. एकाच्या पारड्याखालचा चुंबक
काढून खाडीत फेकला.
त्याच माणसाने मग चहा पाजला.

बारावा आडव्या वाशाला टांगलेला:
ताणकाटा, हातभर लांब, पट्टी काळवंडलेली,
आकडे रतलांत.
खाली गळाला सुरमई,
मागे स्टुलावर शर्फुद्दीन हमदुले, वय पंच्याऐंशी,
मनगटात काळं कडं,
तारेसारखं, पण तारेचं नव्हे.

चाचा, रतल बंद होऊन साठ वर्षं झाली.
"झाली असतील. मी तवा हितं नव्हतो."

मोंबासाला बोटीतून उतरला तेव्हा एकोणीसचा.
कुणीतरी विचारलं, लिहिता येतं?
मराठी सातवीपर्यंत, थोडं उर्दू, इंग्रजी आकडे.
आकडे पुरले.
बंदूक सायबाची, माग काढणारे तिथलेच,
ट्रकवर बर्फाची पेटी,
आणि रांगेत सगळ्यात शेवटी, काट्यांच्या झुडपांतून,
हा काटा खांद्यावर घेऊन
खाडीकाठचा एक पोरगा.

"हत्ती पडताना आवाज होत नाय, सायब.
आवाज त्याच्या आधी होतो.
मग तो बसतो.
ओहोटीला गलबत चिखलात बसतं ना,
एका कुशीवर, सावकाश, तसा."
आधी शेपटी कापायची, म्हणजे मालकी ठरली.
मग कुऱ्हाडी. दोन तास.
सायब छत्रीखाली बसून
दर दहा मिनिटांनी विचारायचा, किती भरेल?

सुळा मुळाशी पोकळ असतो.
आत मगज, ओला, गुलाबी, निमुळता.
तो ओढून काढायचा, झाडाखाली पुरायचा,
आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.
"मी बघितला. गळाला लावला पण."
किती भरला?
(नोकरीची सवय. तोंडातून गेलंच.)
"वहीत त्याचा रकाना नव्हता."

उजवा एकाहत्तर, डावा अडुसष्ट.
डावा जास्त झिजलेला. म्हणजे तो डावखुरा होता,
मुळं उकरायला, साल सोलायला डावा वापरायचा.
हे सांगताना म्हातारा
डाव्या हाताने हवेत अडुसष्ट लिहीत होता.

एवढ्यात अंजनी पावसे ओरडली:
"मासा सुकला माझा! हत्ती उद्या मोजा!"

मी सुरमई उतरवली, वीस किलो टांगले.
चव्वेचाळीस यायला हवे होते, आले सेहेचाळीस.
वजन काढलं.
काटा वर सरकला आणि दोनावर थांबला.
खाली काहीच नव्हतं, वारा सोडून.

कधीपासून?
"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर सायबाचा लाडका."
आणि मासे?
"दोन कमी करून सांगतो. विचारा कुणालाही."
जेटीवर कुणीच मान वर केली नाही,
म्हणजे खरं असावं.

मग मी मनात हिशोब केला:
एकोणसत्तर, सहासष्ट.
कुठल्यातरी परदेशी दिवाणखान्यात
भिंतीवरच्या पितळी पट्टीवर
एक एकाहत्तर अजून खोटा चमकत असेल.
चाचाला तेव्हाच माहीत होतं.
बोलला नाही. पगार महिन्याचा होता.

फॉर्म भरला.
नाव, बंदर, जप्तीचं कारण.
शून्य त्रुटी: दोन रतल.
पुढे एक ओळ, 'शेरा' म्हणून.
ती कोरी सोडली.

काटा वाशावरून काढताना त्याने मदत केली,
गळाला कागद गुंडाळला, माझ्या बोटाला लागू नये म्हणून.
कड्याबद्दल मी विचारलं नाही.
ते केसांचं होतं, जाड, चकचकीत,
आणि साठ वर्षांत पांढरं झालं नव्हतं.

अंजनीने सुरमई कल्ल्यात बोट घालून उचलली,
दोनदा झुलवली.
"साडेसहा," म्हणाली,
आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजायला घेतले.