सांधा

पहाटे चारला पाठ माझ्याआधी जागी होते.
नुसती जागी होते, उठत नाही.
कूस बदलायची तर आधी गुडघे हलवायचे,
मग कंबरेला विचारायचं, मग मानेला.
अंगणात अर्धा तास येरझाऱ्या घातल्या
की कुठं अंग सुटतं.
राबून दुखतं ते सगळ्या गावाला ठाऊक.
हे झोपून दुखतं.
मणेराजुरीत कुणाला पटत नाही,
म्हणतात, दस्तगीर, जरा पडून राहा.

श्रावण सरता सरता कलमांचे दिवस येतात.
डॉगरिजचा खुंट मधोमध चिरायचा,
सोनाकाची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासायची,
सालीला साल भिडवून
पट्टी आवळायची. उकिडवं बसून,
दिवसाला चारशे.
तीन आठवड्यांनी डोळा फुगला
की मालक लांबूनच ओरडतो, धरला रे सांधा!
पुढं दोन वर्षांनी
खुंट कुठं संपला, काडी कुठून लागली,
मलासुद्धा बोट ठेवता येत नाही.

मिरजेत डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला.
हे मणके बघा, म्हणाल्या,
इथून खाली धरत चाललेत.

धरत.
ह्याच शब्दावर मी सोळा वर्षं मजुरी घेतली.

रक्ताचा कागद आठ दिवसांनी आला.
बी सत्तावीस. पॉझिटिव्ह.
मला आधी वाटलं, नवीन वाण आला काय बागेत.
तसं बोलूनही गेलो.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ह्यातही पोटजाती असतात,
एखादी तर कुणाच्या वाटेलाही जात नाही.
तुमची कुठली, ते ह्या चाचणीत कळत नाही.
नर्सरीवाला रोपाला निदान चिठ्ठी तरी बांधतो.
मग विचारलं,
घरात अजून कुणाची पाठ अशी?

अब्बा.
बालेखान शिकलगार, विळे-कोयत्यांना धार.
सायकलीवर चाक, चाकावर वाकलेला माणूस,
पुढं पुढं चाकावरून उतरला तरी वाकलेलाच.
लहान पोरं पाठीमागं
त्याच्यासारखी चालून दाखवायची.
वर्षातून एकदा डोळा लालभडक व्हायचा,
उजेड सहन व्हायचा नाही.
ठिणगी गेली, म्हणायचा, आणि गुलाबपाणी घालायचा.
मी दहावी झालो तेव्हा
त्यानं चाक तासगावच्या भंगारात घातलं.
ह्यानं मला खाल्लं, तुला नको.
द्राक्षात जा. ताठ राहशील.

परतीच्या एसटीत जागा होती, मी उभाच आलो.
कवलापूर गेलं, कुमठे गेलं.
खिशात कागद.
चाकाचा काही दोष नव्हता, अब्बा.
हे कुणाला सांगू?
ज्यानं चाक वितळवलं त्याला?

बाई म्हणाल्या, मुलीची चाचणी नको.
खूण असली तरी बहुतेकांच्या अंगात
ती जन्मभर निजून राहते.
का निजते, का उठते,
ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही.
तेवढं त्यांनी खरं सांगितलं, म्हणून मी
दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घेतो,
सकाळी बाजेच्या काठाला धरून सांगितलेले व्यायाम करतो,
आणि अल्फिया कशी उठते ते
चहा ओतता ओतता बघतो.
एका झटक्यात उठते. चादर तिथंच टाकून.
तिची अम्मी ओरडते. मी ओरडत नाही.

महिन्याच्या एक तारखेला भिंतीला पाठ लावून उभा राहतो.
टाचा टेकतात, कंबर टेकते,
डोकं मागं नेलं तरी
भिंत राहते थोडी लांब.
अल्फिया स्टुलावर चढते, शाळेची पट्टी
मधल्या फटीत घालते.
चार सेंटीमीटर, अब्बू. मागच्या खेपेएवढंच.
नीट बघ.
बघितलं की.

पेन्सिलीनं भिंतीवर चार लिहिते.
शेजारी तिच्या उंचीच्या रेघा.
मग स्वतःच पाठ लावून ताठ उभी राहते, श्वास रोखून.
आता माझं घ्या.